शाळेतील शिस्त व पेस्टालॉझीचे चरित्र

दरवर्षी शाळा उघडल्या की पालकांच्या व शाळा-समित्यांच्या बैठकींतून एक तक्रार हटकून ऐकू येते. ती अशी की, मास्तरांच्या हातची छडी कायद्याने काढून घेतली आणि तेव्हापासून मुले कोणास जुमानीनाशी झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांस मारणे व त्यांचा मानसिक छळ करणे ह्या दोहोंसही बंदी केली व तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, हे खरे आहे. परंतु छडीबरोबर शिस्तही गेली असे म्हणणाऱ्या गृहस्थांस आमचा एक साधा प्रश्न आहे. छडी होती तेव्हा वर्गात जे काही होते, ते शिस्त होती की भीती होती? मास्तरांनी वर्गाबाहेर पाऊल टाकताच जी नाहीशी होते तिला शिस्त म्हणणे, म्हणजे शिपाई समोर उभा असेपर्यंत चोरी न करणाऱ्यास साव म्हणण्यासारखेच आहे.

आता छडीच्या जागी जे आणले जात आहे त्याकडे पाहावे. चांगले वागणाऱ्यास बिल्ला, तारा किंवा बक्षीस. वाईट वागणाऱ्याचे नाव फळ्यावर. ह्यात हाताला वळ उठत नाहीत एवढी सुधारणा आहे, आणि ती लहान नव्हे. तथापि मुलाच्या मनात चालणारा हिशेब मात्र जुनाच राहतो. पूर्वी तो मार चुकविण्याचा होता, आता लाभ पदरात पाडून घेण्याचा झाला. आपण नीट का वागावे, ह्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पद्धतीत मुलाला मिळत नव्हते व दुसऱ्या पद्धतीतही मिळत नाही.

ह्याच प्रश्नाशी जन्मभर झुंजलेला व झुंजताना वारंवार पडलेला एक पुरुष स्वित्झर्लंड देशात होऊन गेला. योहान हाइनरिक पेस्टालॉझी हे त्याचे नाव. अर्वाचीन प्राथमिक शिक्षणाचा तो एक आद्य आचार्य मानला जातो. त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवतो ते केवळ त्याच्या स्तुतीसाठी नव्हे. त्याच्या यशाइतकेच त्याचे अपयशही आपल्या उपयोगाचे आहे.

पेस्टालॉझीचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजी झुरिच शहरी झाला. बाप शस्त्रवैद्य होता. तो १७५१ साली, मुलगा पाच वर्षांचा असतानाच वारला. मागे विधवा आई, तीन लहान मुले आणि बेताचे उत्पन्न. मरणाऱ्या धन्याला दिलेल्या शब्दाखातर घरची मोलकरीण त्या कुटुंबाला सोडून गेली नाही. पै-पैची काटकसर करून तिने आईच्या बरोबरीने ती मुले वाढविली. रक्ताचे नाते नसता केवळ दिल्या शब्दासाठी राबणारे माणूस ह्या मुलाने बालपणीच पाहिले. शाळेत मात्र तो वेंधळा ठरला. सोबत्यांनी त्याला एक टवाळ नाव ठेवले होते. सुटीत तो खेड्यात धर्मोपदेशक असलेल्या आजोबांकडे जाई व त्यांच्याबरोबर गरिबांच्या झोपड्यांतून हिंडे. दारिद्र्याने मुलांचे काय होते हे त्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते.

तारुण्यात रूसोचे ग्रंथ वाचून तो भारावून गेला. उपदेशकाची व वकिलीची वाट सोडून त्याने शेती पत्करली. १७६९ साली एका सधन व्यापाऱ्याच्या ॲना नावाच्या कन्येशी तिच्या घरच्यांच्या मनाविरुद्ध त्याचा विवाह झाला. बिर गावाजवळ जमीन घेऊन त्याने नवे घर बांधले व मंजिष्ठाची लागवड आरंभली. शेती बुडाली. तेव्हा १७७४ साली त्याने त्याच घरी भिकाऱ्यांची व अनाथांची मुले आणून ठेविली. मुलांनी सूत कातावे, कापड विणावे, शेतात काम करावे, काम करता करता अक्षरे व हिशेब शिकावे आणि स्वतःच्या कमाईवर शाळा चालवावी, अशी ती योजना होती. हेतू थोर होता, परंतु धंद्याची नजर अगदीच नव्हती. अंगावर नवे कपडे चढले व पोट भरले की आईबाप मुलांना पळवून नेत. माल बाजारात उभा राहत नसे. कर्ज वाढत गेले. १७८० साली शाळा बंद पडली आणि बायकोच्या माहेरच्या पैशाचाही तीत चुराडा झाला.

ह्या अपयशाचे कारण पुढे म्हातारपणी त्याने स्वतःच मोकळ्या मनाने नमूद करून ठेविले आहे. मुलांचा हात जाड्या सुतावर बसण्यापूर्वीच त्याने त्यांच्याकडून तलम सूत कातवून घेऊ पाहिले, आणि साधे कापड नीट विणता येण्यापूर्वीच त्यांस मलमलीच्या मागावर बसविले. आमच्या व्यापारी वाचकांस ह्या चुकीचा अर्थ फोडून सांगावयास नको. परंतु ती चूक सुताची होती तशीच ती शिक्षणाचीही होती. पेस्टालॉझीचे पुढील सारे चरित्र म्हणजे आधी काय व मागून काय, हा क्रम शोधून काढण्याचा उद्योग होय.

त्यानंतरची अठरा वर्षे त्याने दारिद्र्यात व लोकांच्या उपहासात काढली. ह्याच काळात तो लेखनाकडे वळला. १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘लिओनार्ड व गर्ट्रूड’ ह्या कादंबरीने त्याचे नाव दूरवर पोचविले. दारूच्या नादी लागलेल्या गवंड्याची बायको आपले घर, आपली मुले व अखेर आपले गाव कसे सावरते, ह्याची ती गोष्ट आहे. १७९२ साली फ्रान्सच्या विधिमंडळाने परदेशांतील ज्या निवडक पुरुषांस सन्मान्य नागरिक केले, त्यांत वॉशिंग्टनबरोबर पेस्टालॉझीचेही नाव होते. परंतु कीर्ती मिळाली तरी शाळा मिळाली नाही. ती मिळाली ती त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तीही एका जळालेल्या गावात.

१७९८ च्या सप्टेंबरात फ्रेंच फौजेने स्वित्झर्लंडच्या निडवाल्डन प्रांतातील बंड चिरडले. शेकडो माणसे मारली गेली, घरे जळाली आणि स्टान्स गावाच्या परिसरात अनाथ मुले रस्त्यावर आली. त्यांच्यासाठी सरकारने एका मठाच्या भागात अनाथगृह काढले व तेथे पेस्टालॉझीची नेमणूक केली. १४ जानेवारी १७९९ रोजी मुले येऊ लागली. इमारतीचे काम पुरे झालेले नव्हते. थंडी कडाक्याची होती. मदतीला एक घर सांभाळणारी बाई, एवढाच काय तो परिवार. थोड्याच दिवसांत मुलांची संख्या ऐंशीच्या घरात गेली.

ही मुले कशी होती, हे जाणल्याशिवाय पुढील गोष्टीचे महत्त्व कळावयाचे नाही. कित्येकांच्या अंगावर खरूज व डोक्यात उवा-लिखा होत्या. कित्येक हाडांचे सापळे झाले होते. काही भीक मागून मागून निर्ढावलेली, लबाड व तोंडाळ होती. तर काही पूर्वी चांगल्या घरची, लाडावलेली व भिकाऱ्यांच्या पोरांजवळ बसावयास नाके मुरडणारी होती. बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. गावही अनुकूल नव्हते. लोक कॅथॉलिक, तर हा प्रॉटेस्टंट, आणि ज्या सरकारच्या बाजूने फ्रेंच फौजेने गाव जाळले त्याच सरकारने धाडलेला. काही आईबाप तर, मुलगा भीक मागून जे आणीत होता ते बुडाले म्हणून त्याची भरपाई मागावयास येत!

अशा ऐंशी मुलांना कोणत्याही पद्धतीच्या शिक्षकाने पहिल्या दिवशी काय दिले असते? नियमांची यादी वाचून दाखविली असती. पेस्टालॉझीने नियम वाचले नाहीत व प्रवचनही केले नाही. त्याने मुलांची अंगे धुतली, त्यांची खरूज साफ केली, त्यांच्याच पंक्तीला बसून जेवला व त्यांच्यातच झोपला. रात्री सर्वांच्या मागून तो डोळा मिटी व सकाळी सर्वांच्या आधी उठे. आपल्याला भूक लागली तर अन्न मिळते, आजारी पडलो तर कोणीतरी जवळ बसते आणि हा मनुष्य आपल्याला फसवीत नाही, ही खात्री मुलांना पटेपर्यंत त्याने सद्गुणाचा शब्द काढला नाही. हा त्याच्या क्रमातील पहिला पाठ. हेच ते जाडे सूत.

दुसरा पाठ कृतीचा. चांगुलपणा सांगण्याऐवजी तो करावयाची संधी मुलांस द्यावी, असे त्याने ठरविले. मोठ्या मुलाने लहानग्याला जवळ घेऊन आपल्याला येते ते त्यास शिकवावे. सर्वांनी मिळून म्हणताना मुलांनी नजर आपल्या बोटावर ठेवावी. ही गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट; परंतु क्षुल्लक वाटणाऱ्या अशा सवयीने चंचल मुलालाही स्वतःला आवरता येऊ लागते, असे त्यास दिसून आले. शांत बसणे ही त्याच्या मते शिक्षा नव्हती. तो मनाचा व्यायाम होता.

तिसरा पाठ विचाराचा, आणि तो सर्वांच्या मागून. त्याचे एक उदाहरण त्यानेच आपल्या एका मित्रास लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेविले आहे. १७९९ च्या एप्रिलात शेजारचे आल्टडॉर्फ गाव आगीत जळाले. पेस्टालॉझीने मुलांना भोवती बसविले व त्या गावची कितीतरी मुले ह्या क्षणी बेघर असतील हे त्यांस सांगितले. त्यांतील वीसेक मुले आपण आपल्या घरी आणावीत काय, असे त्याने विचारले. मुलांनी तत्काळ होकार दिला. तेथे तो थांबला असता तर ही एक गोड गोष्ट होऊन राहिली असती. परंतु तो थांबला नाही. आपल्या घरी पैसा थोडा आहे, ती मुले आली तर तुम्हास अधिक काम करावे लागेल, घास कमी मिळेल, कपडेही वाटून घ्यावे लागतील, हे त्याने एकेक करून त्यांच्यापुढे मांडले, व समजून उमजून काय ते सांगा म्हणून पुन्हा विचारले. मुले आपल्या शब्दावरून ढळली नाहीत. तीन महिन्यांपूर्वी एकमेकांच्या हातचा तुकडा हिसकावणारी ही मुले होती! ह्या होकाराला कोणताही बिल्ला लावलेला नव्हता, आणि नकार दिला असता तर कोणतीही शिक्षा नव्हती.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्टान्स येथे पेस्टालॉझीने मुलांस मारलेही आहे. निर्दयपणा व हट्ट ह्यांसाठी त्याने चापट्या दिल्या व तसे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. छडीचे कैवारी ह्याचा आधार घेतील, म्हणून त्याच ठिकाणी त्याने पुढे काय लिहिले तेही सांगितले पाहिजे. त्याचा आशय असा की, रात्रंदिवस मुलांच्या सुखदुःखात असणाऱ्या आईबापांची चापट मूल विसरू शकते. परंतु दिवसातून काही तास भेटणाऱ्या मास्तराची गोष्ट तशी नाही, कारण त्याच्या माराला आधार देणारे ते नाते तेथे नसते. दोनशे वर्षांपूर्वी, जेव्हा मार हाच सर्वत्र शिक्षणाचा नियम होता, तेव्हा एका मारणाऱ्यानेच ओढलेली ही मर्यादा आहे. त्या काळाच्या पुढे त्याने एक पाऊल टाकले. पुढचे पाऊल कायद्याने टाकले आहे. आपण मागे जावे असे त्यात काहीही नाही.

हा प्रयोग पाच महिनेही चालला नाही. ८ जून १७९९ रोजी ती इमारत फ्रेंच फौजेच्या इस्पितळासाठी घेतली गेली व मुले पांगली. श्रमाने खंगलेला, रक्ताच्या गुळण्या टाकणारा पेस्टालॉझी डोंगरात विश्रांतीला गेला. बरे वाटताच तो बर्गडॉर्फ गावी गोरगरिबांच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून उभा राहिला. तेथे मुख्य मास्तर होता एक चांभार. नवे शिक्षण करून पाहावयाचे असेल तर शहरातील सधन नागरिकांनी ते स्वतःच्या पोरांवर करून पाहावे, अशी हरकत तेथील गरीब पालकांनी घेतली व पेस्टालॉझीला ती शाळा सोडावी लागली. मग तो लहान मुलांच्या शाळेत गेला आणि १८०० साली परीक्षक मंडळाने त्याच्या कामाची तारीफ केली. त्याच गावच्या किल्ल्यात त्याची स्वतःची शाळा निघाली व १८०१ साली त्याचा पद्धतिग्रंथ प्रसिद्ध झाला.

१८०५ पासून इव्हर्दाँ येथील किल्ल्यात त्याची जी शाळा भरली, तीमुळे ते लहानसे शहर युरोपातील शिक्षणप्रेमी लोकांचे तीर्थस्थान झाले. पुढे बालोद्यानाची कल्पना काढणारा फ्रोबेल १८०८ पासून १८१० पर्यंत तेथे राहिला. १८१६ साली तेथे अँड्र्यू बेल येऊन गेला. ह्या बेलचा आपल्या देशाशी संबंध आहे. मद्रासच्या अनाथगृहात असताना त्याने देशी शाळांतील वाळूत अक्षरे गिरविणारी मुले पाहिली आणि मोठ्या मुलांनी लहानांस शिकविण्याची पद्धत तेथे बसविली. ती पुढे इंग्लंडात गाजली. परंतु त्याच धर्तीवर लँकेस्टरने चालविलेल्या शाळांत चांगल्या वर्तनाला तिकिटे व बक्षिसे मिळत, आणि वाईट वर्तनाला गळ्यात लाकडी ओंडका किंवा सर्वांदेखत टोपलीत टांगणे! मोठ्याने लहानाला शिकविणे दोहोंकडेही होते. स्टान्स येथे ते भावंडांचे नाते होते, लँकेस्टरच्या शाळेत तो मुकादमीचा कारभार झाला. इव्हर्दाँच्या शाळेत पहिला-दुसरा नंबर नव्हता व बक्षीस-समारंभही नव्हता. मुलाची तुलना त्याच्या कालच्या स्वतःशी व्हावी, शेजाऱ्याशी नव्हे, ही तेथील दृष्टी होती.

तरीही ही शाळा मोडली, आणि ती मुलांच्या वर्तनामुळे नव्हे, मोठ्यांच्या वर्तनामुळे मोडली. पेस्टालॉझीला माणसे जमविता येत, कारभार सांभाळता येत नसे. त्याच्या हाताखालील नीडरर व श्मिड ह्या दोन शिक्षकांत वैर माजले. १८१५ च्या डिसेंबरात ॲना वारली व घरातील समजूत घालणारे माणूस गेले. त्यानंतर भांडणे कोर्टापर्यंत गेली. प्रेमाने माणूस घडतो हे जगाला शिकविणाऱ्या शाळेतील शिक्षक एकमेकांची तोंडे पाहीनासे झाले, आणि हे सारे मुलांच्या डोळ्यांदेखत. १८२५ साली शाळा बंद झाली. ऐंशीच्या उंबरठ्यावरील म्हातारा आपल्या पहिल्या बुडालेल्या शेतावर परतला, १८२६ साली आपले अखेरचे आत्मपरीक्षण त्याने छापून प्रसिद्ध केले, आणि १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग गावी त्याचा अंत झाला. बिर येथील शाळेजवळ त्याला पुरले आहे.

असो. ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आमच्या मते एकच गोष्ट घ्यावी, आणि ती म्हणजे क्रम. आधी गरज भागवावी, मग कृती करवावी, मग उपदेश करावा. आपल्या बहुतेक शाळांत ह्याच्या उलट चालते. पहिल्याच दिवशी भिंतीवर सुविचार रंगविलेला असतो. परंतु पिण्याच्या पाण्याचा नळ कोरडा असतो, मुतारीत पाय ठेववत नाही. म्हणजे मलमलीचा माग मांडून ठेविला आहे आणि जाड्या सुताचा पत्ता नाही. सरकारी शाळांतून मुलांस दुपारी शिजविलेले अन्न मिळावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. ह्या अन्नाकडे कित्येक सुशिक्षित गृहस्थ धर्मादाय म्हणून पाहतात. पेस्टालॉझीने ते शिस्तीचा पहिला पाठ म्हणून पाहिले असते. ते वेळेवर, स्वच्छ व पोटभर मिळते की नाही, हे शाळा-समितीने पाहावे. सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसून जेवतात की नाही, हेही पाहावे. कारण नाक मुरडणारी मुले केवळ स्टान्स गावीच होती असे नाही.

शिक्षकांस आमची विनंती अशी की, मुलाच्या हातून होईल असे एखादे चांगले काम रोज त्याच्यावर सोपवावे. झाडाला पाणी घालणे, नव्या मुलाला शाळा दाखविणे, आजारी सोबत्याला घरी जाऊन आजचा धडा सांगणे. खोडकर म्हणून ठरलेल्या मुलावर हे काम आधी सोपवावे. आणि हे करावयाचे तर शिक्षकाला प्रत्येक मुलाचे नाव, घर व दुखणे माहीत असले पाहिजे. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे तोच २००९ चा कायदा सांगतो. छडीबंदीची तक्रार करणाऱ्या पालकांनी ह्या दुसऱ्या तरतुदीसाठीही तितक्याच मोठ्याने आवाज उठवावा.

व्यापारी बंधूंस एक शब्द. दरवर्षी आपण आदर्श विद्यार्थ्याच्या ढालीसाठी देणगी देता, ह्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे. परंतु बाजारात पत कशी मिळते, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक? दुकानावर प्रामाणिकपणाची पाटी लावून ती मिळत नाही, आणि कोणी ढाल दिल्यानेही मिळत नाही. वर्षानुवर्षे माप खरे ठेवल्याने ती मिळते. मुलाचे वर्तनही असेच रोजच्या देवघेवीतून बनते. यंदा त्या ढालीचा पैसा पाण्याच्या टाकीकडे वळवून पाहावा.

आणि शेवटची गोष्ट सर्वांसाठी. इव्हर्दाँच्या किल्ल्यात युरोपातील उत्तम पद्धती होती व ती मोठ्यांच्या कलहात बुडाली. आपल्या शाळा-समितीच्या निवडणुकीत, शिक्षकांच्या खोलीत व आपल्या घरच्या ओसरीवर आपण एकमेकांशी कसे बोलतो, हे मुले पाहत असतात. ह्या पाठाला छडी लागत नाही व बक्षीसही लागत नाही. तो मुले आपोआप शिकतात.